दीडशेवरचा एक डॉलर

पार्सिपनीतल्या त्या घराच्या तळघरात मी जानेवारीत राहायला गेले. वर घरमालक काका-काकू राहत. काका मूळचे पुण्याचे, एका कारखान्यात इंजिनिअर. दरमहा पहिल्या तारखेला मी काकूंच्या हाती एक पाकीट देत असे. त्यात एकशे एकावन्न डॉलर, रोख. ठरले होते दीडशे. वरचा एक काकांच्या सांगण्यावरून.

"आकडा शून्यावर संपवू नकोस," ते पहिल्याच महिन्यात म्हणाले होते. "आम्ही काय भाडं घेतोय? घरची मुलगी आहेस तू."

लग्नमुंजीच्या आहेराची रीत भाड्याला लावलेली पाहून मला गंमत वाटली. तिचा उपयोग मात्र पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये कळला.

मी दिवसा एका प्रयोगशाळेत नोकरी करून रसायनशास्त्रात एम.एस. करत होते. टेक्सासमधल्या भावाने स्पॉन्सर केल्यामुळे माझ्याकडे ग्रीन कार्ड होते, म्हणून राज्याच्या रहिवाशांची, निम्म्याहून कमी फी मला मिळू शकत होती. त्यासाठी विद्यापीठाला घरमालकाच्या सहीचे पत्र हवे होते: ही व्यक्ती वर्षभराहून अधिक काळ माझ्याकडे भाड्याने राहते. मुदत दहा एप्रिलपर्यंत. पत्राविना पुढच्या सत्राची फी भरणे मला अशक्य होते. शिक्षण तिथेच थांबले असते.

मसुदा वाचून काकांनी चष्मा काढला.

"'भाडं' काढ. 'गेस्ट' लिही."

"गेस्टला ही सवलत नाही, काका."

"अगं, पण फेब्रुवारीत रिटर्न भरलं त्यात मी हे कुठे दाखवलंय? तू देतेस तो आहेर. गिफ्टवर घेणाऱ्याला टॅक्स नसतो."

"पंधरा महिने, दर एक तारखेला, नेमका तेवढाच आहेर?"

पोळ्या लाटता लाटता काकू म्हणाल्या, "अहो, एवढा आहेर तर तुमच्या सख्ख्या भावानंही कधी केला नाही."

काका हसले नाहीत. "तुला सही हवीय की मला तुरुंगात पाठवायचंय?" एवढे विचारून ते उठून गेले.

त्यांना कराची भीती नव्हती. किती कर, हे ठाऊक नसल्याची होती. अज्ञात राशी काढता येते. शनिवारी मी ग्रंथालयातून करखात्याची पुस्तिका आणली आणि काकूंच्या शिवणकामाची टेप घेऊन सगळे घर मोजले. माझी खोली घराच्या एक अष्टमांश भरली. हीटिंग, वीज, विमा आणि इमारतीचा घसारा यांचा तेवढा हिस्सा भाड्यातून वजा होत होता. उरलेल्या रकमेवरचा गेल्या वर्षीचा कर काकांनी त्या हिवाळ्यात गाडीला घातलेल्या चार टायरांच्या किमतीहून कमी होता. दुरुस्त केलेले रिटर्न स्वतःहून भरण्याची सोयही पुस्तिकेत दिली होती.

मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. तिसऱ्या दिवशी कागद परत आला, लाल पेन्सिलीच्या खुणेसह.

"बॉयलरचा कोपरा तू तुझ्या खोलीत धरलायस," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदाच समाधान जाणवले. "तो सगळ्या घराचा."

चूक माझी होती. ती दुरुस्त केल्यावर कर थोडा वाढला, तरी त्यांनी ती करायला लावली. आठ एप्रिलला त्यांनी दुरुस्त रिटर्न टपालात टाकले आणि माझ्या पत्रावर सही केली. त्यात 'भाडे' हा शब्द दोनदा होता.

मे महिन्यात रहिवाशाची फी मंजूर झाली. तोवर मी दीडशेचा चेक देऊ लागले होते आणि काका त्याची पावती देऊ लागले होते.

जूनमध्ये त्यांच्याकडे सत्यनारायण होता. आदल्या वर्षी याच पूजेला त्यांनी पाहुण्यांना सांगितले होते, "ही आमची मुलगीच." या वेळी म्हणाले, "या आमच्या टेनंट. खाली राहतात."

वर्णन अचूक होते. प्रसाद घेऊन मी एरवीसारखी स्वयंपाकघरातून न जाता बाहेरच्या दाराने खाली गेले.