सोडलेलं वांगं

मी निघाले त्या सकाळी आई वांगी तोडत होती. निमगाव केतकीच्या आमच्या मळ्यातून क्रेट भरलेला टेम्पो इंदापूरच्या बाजाराला जायचा. त्याच टेम्पोत पुढे बसून मी एसटी स्टँडवर उतरणार होते. चातुर्मास चालू होता. घरात वांगं शिजत नव्हतं. बाजार मात्र कुठला चातुर्मास पाळतो. आईचा पदर दवानं ओला होता, बोटांना देठाचे काटे टोचलेले. तिनं माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "तितं सोताचं घर झालं, की सांग मला." मला ते साधं बोलणं वाटलं. टेम्पो वळला तेव्हा ती पुन्हा सरीत वाकली होती आणि हळूहळू झाडांच्या रंगात विरघळत गेली.

हॉलंडमधल्या एका लहान गावात मी ग्रंथालयात काम करते. सुरुवातीची वर्षं चौघींत एक स्वयंपाकघर होतं, फ्रीजमध्ये माझ्या नावाचा एक कप्पा. मग ही दोन खोल्यांची जागा मिळाली, कालव्याकडे खिडकी असलेली. गावाबाहेर काचेच्या घरांतली शेतं आहेत. हिवाळ्यात आत दिवे लागले की आभाळ गुलाबी होतं, आणि डोळा लागता लागता मला वाटतं, आपल्या बांधापलीकडेच उजाडतंय. तिथली वांगी सगळी एका मापाची, गुळगुळीत, बिनकाट्यांची. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर त्यांचीच चौकशी.

"पाणी किती देत्यात? ठिबक हाय का?"

"आबा, मी पुस्तकं लावते, वांगी नाही."

"मग पुस्तकात आसंल की कुठंतरी. बघून ठिव."

आई फोनवर आली की एकच विचारायची, "मग, घर झालं का तुझं?" तिला वाईट वाटू नये म्हणून मी दर वेळी म्हणायचे, "भाड्याचं आहे गं. हे काय आपलं घर? आपलं घर तिथंच." माझ्यासारखे जे दूर गेलेत, ते तुम्हीही असंच म्हणत असाल. त्यात खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. मागे राहिलेल्यांना आपण काहीतरी देतोय असं वाटतं. मी नऊ वर्षं ते देत राहिले.

मागच्या वर्षी फाल्गुनात आई गेली. मी पोचले तो चौथा दिवस होता. दहाव्याला तिच्या आवडीचं काय ठेवायचं, अशी चर्चा निघाली, तेव्हा मी म्हणाले, "भरीत." पीठ मळणाऱ्या काकूचा हात थांबला.

"तिनं वांगं सोडलं हुतं बाई. तू गेलीस त्या सालापासनं. लेकीच्या सोताच्या घरात भरताचा निवद झाला, की मग खाईन म्हणायची."

मला ते कधी दिसलंच नव्हतं. माझी सुट्टी कायम चातुर्मासातली, तेव्हा घरात कोणीच वांगं खायचं नाही. पुढं चंपाषष्ठीला ती भरीत करायची, खंडोबाला निवद दाखवायची, सगळ्यांना वाढायची आणि स्वतः चटणीशी रोडगा खायची. वांगी तोडून तोडून काळवंडलेल्या बोटांनी. दर वेळी "हे काय आपलं घर" म्हणून तिचं वांगं मीच लांबवत होते. कोणी मला बोल लावला नाही. काकूनं फक्त पीठ पुन्हा मळायला घेतलं. त्या दिवशी भरीत केलं नाही.

वर्ष सरलं, आणि या चंपाषष्ठीला मी माझ्या ओट्यावर वांगं भाजलं. तेलाच्या बाटलीला टेकवलेल्या फोनमध्ये आबा बसले होते, डोक्यावर टोपी नीट घालून.

"जाळ दिसंना कुठं."

"इथं जाळ नसतो. ओव्हन आहे."

"वास येतोय न्हवं? मग झालं. कुत्र्याला घास काढ, देवाचं असतंय त्ये."

"इथं मोकळी कुत्री नसतात, आबा."

"बांधलेलं चालतंय की. देवाला काय त्याचं?"

खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंच्या तपकिरी कुत्र्यानं माझ्या तळहातावरून भरीत-रोडगा चाटून घेतला. कसला सण, असं त्यांनी विचारलं. मला त्यांच्या भाषेत देव सांगता येईना. घरी जेवण आहे, एवढंच म्हणाले.

वर आले तर आबा तसेच बसून होते. "आता निवद दाखव. पर आदी एक सांग. घर तुझंच हाय न्हवं? तिनं देवापुढं तसं बोललं हुतं. उगं म्हणायचं म्हणून म्हणू नगंस."

मी खोलीभर पाहिलं. पुस्तकं, दाराजवळचे माझे बूट, खिडकीपाशी तिनं शिवलेली गोधडी. हो म्हणणं म्हणजे निमगाव दुसऱ्यांदा सोडणं होतं, आणि या वेळी एकटे उरलेले आबा समोर बसून बघत होते.

"व्हय आबा," मी म्हणाले. "ह्ये माझंच घर हाय."

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. त्यांच्या मागं कोणीतरी क्रेट रचत होतं, तो आवाज येत होता. मग म्हणाले, "मग वाढ तिला."

मी देवाला निवद दाखवला आणि दुसरं ताट घेतलं. पाट नव्हता, खिडकीजवळची माझी खुर्ची तिला दिली. भरीत, रोडगा, कांद्याची पात. आई पहिल्यांदाच माझ्या घरी जेवायला आली होती. मी शेजारी जमिनीवर बसले आणि तिला घाई केली नाही.