विद्यापीठाची चौकशी

“पोरगी दावायला न्हेत्यात वाटतं,” माझ्या मागच्या सीटवरची बाई हळू आवाजात म्हणाली. “नवा ड्रेस हाय बघ अंगावर. आन सकाळधरनं एक शब्द न्हाई बोलली.”

“म्हातारा बी टोपी कडक करून बसलाय,” तिच्या शेजारची म्हणाली.

विट्याहून कराडला जाणाऱ्या एसटीत मी खिडकीपाशी बसले होते, शेजारी तात्या. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण कान अजून नोकरीवर आहेत. ते गर्रकन मागे वळले.

“आवं मावशी, पोरगी न्हाय दावायची. इद्यापीठ बघायचंय.”

“आगं बया! ते कराडात कवा झालं?”

“कराडात न्हाय. लांब हाय, रेल्वेनं एक रात्र आन एक दिवस. आमी निस्ती चौकशी करायला चाललोय.”

मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

त्या बाईचं फारसं चुकलं नव्हतं. बारावीनंतर माझा दोन ठिकाणी नंबर लागला होता. एक सांगलीचं कॉलेज. दुसरं एका महानगरातलं मोठं विद्यापीठ. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात त्याचा दोष आहे असं मला वाटत नाही. सोमवारपर्यंत कुठेतरी फी भरायची होती. पप्पांची तमिळनाडूत सेलमला गलाई (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा) आहे. माझी शाळा आधी तिथे झाली, नंतर विट्यात, दोन्हीकडे इंग्रजी माध्यमात. विद्यापीठाचा निकाल लागला त्याच दिवशी पप्पांनी सेलमच्या बाजारात पेढे वाटले. तरी आमच्या घरात चौकशी केल्याशिवाय मुलगी कुठे पाठवत नाहीत, आणि चौकशीची रीत एकच, स्थळ बघतानाची. ज्याची चौकशी करायची त्याच्या दारात जायचं नाही. त्याला ओळखणाऱ्यांकडे जायचं, ऊसपाण्याचं बोलायचं, आणि उठता उठता विचारायचं, “बरं, माणसं कशी हायती?”

अशा चौकशीला मुलीला नेत नाहीत. मला नेलं, कारण विद्यापीठाबद्दल काय विचारायचं हे तात्यांना ठाऊक नव्हतं. ते मी विचारीन असं त्यांना वाटत होतं. मी विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं.

विट्याचा माळ मागे पडला आणि रान हळूहळू हिरवं होत गेलं. कराड जवळ आलं तशी दोन्ही बाजूंना उसाची भिंत उभी राहिली. आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं.

मलकापूर कराडला इतकं चिकटलेलं आहे की एक गाव कुठे संपलं ते कळत नाही. तिथे महामार्गालगतच्या एका इमारतीत तात्यांच्या पलटणीतल्या मित्राचा मुलगा राहतो. सौरभ. तीन वर्षं त्या विद्यापीठात काढून नुकताच परत आलेला. दार उघडल्यापासून तो बोलतच होता. तात्यांनी पावसाचा विषय काढला, मग कारखान्याचा, आणि चहाची बशी खाली ठेवत मुद्द्यावर आले.

“सौरभ, तिथं मोठं माणूस कोण असतंय? पोरांकडं बघायला?”

“कोण न्हाय, तात्या. सासू न्हाय, सासरा न्हाय. आपलं आपणच.”

“मग अडलं-नडलं तर?”

“बोंबलायचं. माझी पहिल्याच दिवशी गादी चोरीला गेली. मी जिन्यात उभा राहून आसा वरडलो, आसा वरडलो, की चार मजल्यांवरची पोरं बाहेर आली. त्यातलीच अजून माझी दोस्त हायती. तिथं हजारो पोरं, तात्या. बोलणारा राजा, मुक्याचं काय काम न्हाय.”

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. “तू बोलतीस का न्हाय गं?”

“बोलती की,” तात्या म्हणाले. “घरात लय बोलती.”

मी घरातही फार बोलत नाही. सौरभ हसला आणि त्याने चिवड्याची वाटी माझ्यापुढे केली.

साताऱ्याला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, चढावरच्या एका घरात मानसीताई राहतात. त्या तात्यांच्या दुसऱ्या मित्राच्या सूनबाई, शाळेत शिकवतात. त्यांनी त्याच विद्यापीठातून एम. ए. केलं. आम्ही मुक्काम तिथेच करणार होतो. जेवायला ज्वारीची भाकरी आणि कोरड्यास (भाकरीशी खायची पातळ भाजी) होतं, वर ठेचा. तात्या त्यांच्या मित्राशी पलटणीच्या गप्पांत रमले आणि मानसीताई मला गच्चीवर घेऊन गेल्या. खाली शहरात दिवे लागत होते.

“ग्रंथालयात मधल्या मजल्यावर मागच्या बाजूला एक खिडकी आहे,” त्या म्हणाल्या. “तिच्यापाशी बसलीस की दिवस कसा गेला कळत नाही. मला पहिल्या वर्षी सहा-सात महिने कुणी नावानं हाक मारली नव्हती.”

मी त्यांच्याकडे पाहिलं.

“वाईट नव्हतं गं ते. इथं चौकात गेलं तरी ‘कुणाची गं तू?’ तिथं मी कुणाचीच नव्हते. मला तेच आवडलं.”

विट्यात मी गलाईवाल्यांची, सेलममध्ये मी मराठी शेठची. कुणाचीच नसलेली अशी मी कधी कुठे नव्हते. त्या खिडकीशी बसलेली मी मला स्पष्ट दिसले. निकाल लागल्यापासून पहिल्यांदाच मला तिथे मनापासून जावंसं वाटलं.

“तुला काय वाटतं?” मानसीताईंनी विचारलं. चौकशीत हे मला विचारणारं एवढं एकच माणूस भेटलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात जिन्यातून तात्यांचा आवाज आला, “तिला काय वाटायचंय, खूश हाय ती!”

सकाळी निघताना मानसीताईंनी कुपवाडचा पत्ता दिला. “सुप्रिया म्हणून मुलगी आहे. ती पण जायच्या आधी माझ्याकडे चौकशीला आली होती. तुझ्यासारखीच, गप्प गप्प. मीच तिला जा म्हटलं होतं. आत्ताचं तिथलं ती नीट सांगेल. तिचा फोन लागत नाही, नंबर बदलला असेल. पण सुट्टीत घरीच असेल, आणि घर सापडेल.”

तात्यांनी राजवाड्याजवळ तिच्या घरासाठी कंदी पेढे घेतले.

सांगलीची गाडी पेठ नाक्याच्या पुढे पंक्चर झाली. पुरुष उतरून बांधाकडे पांगले. बायका एका बाभळीखाली उभ्या राहिल्या. मला साताऱ्यापासून बाथरूमला जायचं होतं. समोर हॉटेल होतं, तिथे सोय असणार हे दिसत होतं. तात्यांना एक शब्द सांगितला असता तर पुरे होतं. मी ओढणी सारखी करत उभी राहिले. सांगलीच्या स्टँडवरही तसंच. तात्यांनी उतरल्या उतरल्या कुपवाडची रिक्षा ठरवली आणि मी मुकाट्याने आत बसले.

कुपवाड म्हणजे पत्र्याच्या शेडी, लेथ मशीनचा आवाज आणि हवेत तेलाचा वास. जेवणाची सुट्टी झाली होती. दुचाक्यांवरून कामगार घराकडे निघाले होते. पत्ता विचारला तेव्हा पानटपरीवाला आमच्याकडे, मग तात्यांच्या हातातल्या पेढ्यांच्या बॉक्सकडे पाहत राहिला. “तिसरी गल्ली,” एवढंच म्हणाला.

दार सुप्रियाच्या आईने उघडलं.

“सुप्रिया हाय का घरात?” तात्यांनी खणखणीत विचारलं. “साताऱ्याच्या मानसीताईनी पत्ता दिलाय. आमच्या पोरीचा नंबर तिच्याच इद्यापीठात लागलाय. म्हटलं, जरा चौकशी करावी.”

बाईने पदर सारखा केला, दार पुरतं उघडलं. मग म्हणाली, “या. बसा.”

टीव्हीच्या वर मुलीचा फोटो होता. चष्मा, दोन्ही खांद्यांवर वेण्या. फोटोला चंदनाचा हार.

तात्यांनी टोपी काढली. पेढ्यांचा बॉक्स आधी मांडीवर, मग खुर्चीखाली ठेवला. “कवा?”

“दिवाळीच्या आधी.”

तेवढ्यात तिचे वडील गाडी लावून आत आले. ते शेजारच्याच वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. आम्ही कोण ते बायकोने दोन वाक्यांत सांगितलं. ते हात धुवून आले आणि आमच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी जे सांगितलं ते अगदी शांतपणे सांगितलं, पुष्कळदा सांगून झाल्यासारखं.

“कावीळ झालती. खोलीतली दुसरी पोरगी सुट्टीला गावाकडं गेलती. ही एकटीच. ताप अंगावर काढला. मेसला जाईना. तर एवढ्या गर्दीत कोण आलं न आलं, कुणाला कळतंय? दुसरी पोरगी परत आली तवा ही शुद्धीत नव्हती. मग पळापळ झाली. आमी पोचलो तवा उशीर झालता.”

“फोन न्हाय केला तिनं?” तात्यांनी विचारलं.

“रोज करायची,” आई म्हणाली. “जेवलीस का म्हटलं की जेवले म्हणायची. आवाज बारीक यायचा. मला वाटायचं अभ्यास करून दमली आसंल.”

“इद्यापीठाची चूक म्हणशीला तर न्हाय,” वडील म्हणाले. “मी भांडाय गेलतो तिथं. पण हॉस्टेलला दवाखाना हाय, डॉक्टर हाय, फुकट. तिच्या खिडकीतनं त्या दवाखान्याची पाटी दिसती. मी सोता उभा ऱ्हाऊन बघितली. निस्तं शेजारचं दार वाजवायचं हुतं.” त्यांनी फोटोकडे पाहिलं. “तिला न्हाय वाजवता आलं. ल्हानपणापास्नं तसलीच. पावणं आलं की आत पळायची.”

बाहेर एक मशीन सुरू झालं.

आई माझ्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग ती उठली, माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, “चल बाळा. बाथरूम मागं हाय.”

मी तिच्यामागून गेले. परत आले तेव्हा ती मागच्या दारातच उभी होती.

“कवापास्नं?”

“सातारा,” मी म्हणाले.

तिने मान हलवली, जणू हे तिला अपेक्षितच होतं. नळ सोडून माझ्या हातावर पाणी घातलं. “तू सांगशील का गं कुणाला?” तिने विचारलं. मी ओढणीला हात पुसत राहिले. तिने ते पुन्हा विचारलं नाही.

निघताना तात्या पेढ्यांचा बॉक्स गुपचूप पिशवीत घालायला लागले. आईने तो मागून घेतला. पुडा फोडून एक पेढा माझ्या हातावर ठेवला. “नंबर लागलाय न्हवं तुझा? खा.”

तो पेढा मी रिक्षात बसेपर्यंत गालात धरून ठेवला होता.

सांगलीच्या स्टँडवर तात्यांचा फोन वाजला. मानसीताई होत्या. “भेटली का सुप्रिया?”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. “घरात कोण न्हवतं, ताई,” ते म्हणाले, आणि फोन बंद करून बराच वेळ हातात धरून बसले. मग त्यांनी भडंगाची पुडी आणली. आम्ही दोघांनीही ती खाल्ली नाही.

तासगावच्या बाजूने गाडी विट्याकडे निघाली. द्राक्षांच्या बागांत फळ नव्हतं, तारांवर नुसता पाला. आता सौरभ मला बढाईखोर वाटत नव्हता. गादी गेली म्हणून ओरडता येणं ही त्याची कमाई होती. मानसीताईंची खिडकीही खोटी नव्हती. पण गप्प राहणं त्यांनी निवडलं असावं, हवं तेव्हा सोडताही आलं असावं. मला ते सोडता येत नाही. मोठ्या विद्यापीठात आपण कुणाचेच नसतो हे खरं, आणि ज्याला शेजारचं दार वाजवता येतं त्याला ते सुख आहे. तरीही ती खिडकी मला हवी होती. विटा येईपर्यंत मी ती मनातून काढायचा प्रयत्न करत होते, आणि ती निघत नव्हती.

तासगाव गेल्यावर तात्या म्हणाले, “आपली पोरगी तसली न्हाय. तू सेलमला राहिलीयास. हुशार हायस.” ते मला सांगत नव्हते. स्वतःलाच सांगत होते.

घरी सगळे वाट पाहत होते. माझ्या आईने पोहे केले होते. टेबलावर फोन उभा करून पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. ते दुकानातच होते, मागे भट्टी दिसत होती.

“काय तात्या, कसं हाय स्थळ?”

“चांगलं हाय,” तात्या म्हणाले. “सौरभ लय नाव घेत हुता. साताऱ्याच्या ताई बी. मोठ्ठं ग्रंथालय हाय म्हणं.” कुपवाडचं नाव त्यांनी घेतलं नाही. पोह्यांच्या बशीकडे बघत बोलले.

“मग ठरलं तर!” पप्पा म्हणाले. “उद्याच फी भरतो. इथं सगळी विचारत्यात, शेठ, पोरगी कवा जाणार? ऋतू कुठाय? गप का?”

“ती गपच आसती,” आई हसून म्हणाली. “खूश हाय. बघा की तोंड.” आणि तिने फोन माझ्याकडे वळवला.

पडद्यावर पप्पांचा चेहरा मोठा झाला. घामाने ओला, हसरा. मी मान हलवली असती तर तेवढ्यावर सगळं भागलं असतं. नेहमी भागतं. तात्या माझ्याकडे बघत होते, आणि मी बोलू नये असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

“पप्पा,” मी म्हणाले. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाले, “पप्पा, सांगलीची फी भरा. त्या लांबच्या विद्यापीठात मला काही झालं तर मी कुणाला सांगणार नाही.”