जानकीबाईंचं टिपाड

नेकनूरजवळच्या त्या वस्तीवर जानकीबाईंचं घर कुणाला विचारावं लागत नाही. नाक शाबूत असलं की पुरे. अंगणात दशपर्णी अर्काचं टिपाड असतं. कडुनिंब, रुई, सीताफळ, निर्गुडी असा दहा झाडांचा पाला शेण-गोमूत्रात महिनाभर सडवायचा, रोज काठीनं ढवळायचा आणि गाळून कपाशीवर फवारायचा. तो वास किडीला सोसत नाही, शेजाऱ्यांनाही नाही. अर्धी उमर ऊसतोडीत गेलेल्या जानकीबाईंना मात्र आपल्या दीड एकराचं आणि त्या टिपाडाचं भारी कौतुक.

वैताग होता तो पोराला. प्रविण शेती करतो म्हटलं, की मुलीकडचे पाणी पिऊन उठायचे. यंदा गेवराईकडची शिवकन्या आणि तो एकमेकांना पसंत पडले होते. उरलं होतं फक्त घर बघणं. तिची आई वनमालाबाई भावाला घेऊन येणार होत्या.

"आई, ते टिपाड सांडून दे बरं."

"अन् कपाशीवर काय तुझं लगीन फवारू?"

मग प्रविणनं गुपचूप आपली अक्कल चालवली. एरवी टिपाडाच्या तोंडावर नुसतं गोणपाट असायचं. त्यानं झाकण घट्ट आवळून बसवलं. सडत्या पाल्यात गॅस धरतो, हे गडबडीत विसरला.

पाहुणे ओसरीवर बसले, पोहे आले आणि झाकण धाडकन उडालं. हिरव्या-काळ्या पाण्याची चिळकांडी थेट मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावर! मामा नाक धरून उठले. आपल्या हट्टापायी पोराचं जमता जमता मोडलं, असं वाटून जानकीबाईंना रडूच आलं.

वनमालाबाई मात्र टिपाडापाशी जाऊन वाकून बघू लागल्या.

"हेच फवारता? बाटलीतलं औषध न्हाई?"

"न्हाई बाई. वास लई हाय, पर माणसाला इजा न्हाई."

"आमचे मालक औषध फवारता फवारता रानातच पडले. वाचले, पर हात अजून थरथरतोय. ते रानात गेले की घरी येईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि भावाला दटावलं, "बस रे खाली. सदरा धुतला की निघंल."

मग त्यांनी जानकीबाईंपुढं हात केला.

"काठी द्या इकडं, इहीणबाई. कसं ढवळायचं ते दावा. पोरीला शिकवून धाडावं लागंल."