नकाशावरची पाहुण्यांची खोली

ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा पास झालेली सून अकोल्याच्या आमच्या गल्लीत मी एकटीच होते, आणि ही गोष्ट गल्लीला माहीत राहावी याची मी पुरेपूर काळजी घेत असे. पापडसुद्धा मी असा लाटायची की बघणारीला वाटावं, बाई कंपासपेटीशिवाय वर्तुळ काढते आहे. पापड वाकडेच व्हायचे.

माहेर माझं अमरावतीचं. वर्गातल्या एका मैत्रिणीचे वडील वकील होते. कँपात त्यांचा बंगला होता आणि त्या बंगल्यात फक्त तिच्या आईवडिलांसाठी म्हणून एक वेगळी खोली होती. दाराला फुलाफुलांचा पडदा. आत काय होतं ते मला कधी दिसलं नाही, पण त्या पडद्याकडे मी इतकं पाहिलं की मैत्रिणीची आई एकदा म्हणाली, "कापड आवडलं का गं? उरलंय, देऊ का?" मी लाजेनं लाल होऊन घरी पळाले. पण डोक्यात पक्कं बसलं होतं: लग्न झालं की खोली असते, आणि खोलीला पडदा असतो.

लग्न झालं, खोली नव्हती. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, भाजीबाजारात अडत्याचं काम करायचे. खेड्यांवरून बैलगाड्या यायच्या आणि माल त्यांच्या हाताखालून विकला जायचा. घर पक्क्या विटांचं पण बसकं होतं. पुढं सपरी, म्हणजे ओसरी, मग मधलं घर, मग सैपाकघर, मागं सांदवाडीचं परस. पुरुष निजायचे सपरीत. मधल्या घरात सासूबाई, दोन नणंदा आणि भिंतीकडून मी, अशा आम्ही जुड्या बांधल्यासारख्या ओळीनं. लग्नाला वर्ष होत आलं तरी नवऱ्याचा आवाज मला धड पाठ नव्हता. घोरणं मात्र ओळखीचं झालं होतं, कारण ते भिंतीपलीकडून यायचं. ते ऐकत मी मोठ्या मायेनं झोपी जायची. पुढं कळलं की ते घोरणं मामाजींचं होतं.

अशात एक दिवस मामाजी जेवताना म्हणाले, "भिंती मजबूत हायेत. वर एक खोली काढू म्हंतो."

माझ्या हातातली पळी वरणात पडली. आमच्या ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वडिलांसमोर तोंड उघडलं. "नकाशा घरीच निघू शकते. हिले येते काढता."

मग काय विचारता! मी ड्रॉइंगची वही, रंग, फूटपट्टी सगळं ट्रंकेतून बाहेर काढलं. नकाशा कसा काढतात हे मला ठाऊक नव्हतं. परीक्षेत फुलदाणी आणि केळीचा घड आला होता. पण माणसाला खोलीची इतकी ओढ असली की अडत नाही. भिंती काढल्या, दार काढलं, खिडकी काढली, खिडकीत मावळता सूर्य काढला आणि त्याला केशरी रंगही दिला. मग उत्साहाच्या भरात पलंग काढला आणि पलंगावर दोन उशा. काढून झाल्यावर लक्षात आलं की हा कागद मामाजी पाहणार आहेत! घाईघाईनं एक उशी खोडली. उरलेली एकटी उशी फारच अशुभ दिसायला लागली. शेवटी पलंगच खोडला. कागदाला भोक पडलं, तिथं मी एक गालिचा चिकटवला.

नगरपालिकेला द्यायचा नकाशा परवानावाल्या माणसाकडूनच काढून घ्यावा लागे. ते नकाशावाले म्हणजे चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवणारे एक वयस्क गृहस्थ. सपरीतल्या बंगईवर बसून झोके घेत त्यांनी माझा कागद बराच वेळ पाहिला. मी दाराआड, डोक्यावर पदर, कान बाहेर.

"ही खिडकी जमिनीवर पडली आहे का?" त्यांनी विचारलं.

नकाशा वरून पाहून काढतात, समोरून नाही, हे मला तेव्हा कळलं. माझ्या कागदात भिंती वरून दिसत होत्या, खिडकी समोरून आणि सूर्य बहुतेक अमरावतीहून.

"हे गोल काय आहे? विहीर?"

"सूर्य हाय थो," मामाजी अभिमानानं म्हणाले. "सुनेनं काढला."

"सूर्याला मंजुरी लागत नाही," असं म्हणून त्यांनी पेन्सिल काढली, मापं टाकली आणि मग विचारलं, "खोलीचं नाव काय लिहू? कागदावर नाव लागतं."

बंगईची कडी तेवढी वाजत राहिली. तुम्हाला आता गंमत वाटेल, पण आमच्या घरात त्या खोलीला शब्दच नव्हता. सैपाकाला घर होतं, देवाला कोनाडा होता, आंघोळीला न्हाणी होती. निजायला मात्र वळकटी होती. ती जिथं उलगडेल तिथं माणूस निजे. पुस्तकात 'शयनगृह' म्हणून एक शब्द मी वाचला होता. पण तो मामाजींसमोर उच्चारायचा म्हणजे पदर सोडून सपरीत नाचण्यासारखं होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे बघून आडे मोजत होते.

"लवकर सांगा," नकाशावाले म्हणाले.

आणि मी, वर्षभर एका दारासाठी झुरलेली बाई, दाराआडून म्हणाले, "पाहुण्यांची."

"वा!" मामाजींनी मांडीवर थाप मारली. "पोरगी खानदानी हाय बाप्पा! सोतासाठी काई मांगतलं नाई."

त्या दिवशी सांदवाडीत पाणी भरताना ह्यांनी हळूच विचारलं, "पाहुण्यांची काहून म्हटलं?"

"मग तुम्ही बोलायचं होतं."

"मी काय बोलणार? मी तर आडे मोजत होतो."

"किती भरले?"

"दोनदा मोजले, दोन्ही वेळा वेगळे आले."

पण मी हार मानणारी नव्हते. म्हटलं, नाव काही का असेना, घडण तर आपल्या हातात आहे. मामाजींना पटवून जिना मागच्या बोळातून ठेवला, म्हणजे कोण वर गेलं ते सपरीतून दिसू नये. दाराला कडी आतून. पश्चिमेकडे भिंतभर खिडकी, वाऱ्यासाठी आणि माझ्या त्या सूर्यासाठी. मिस्त्री खूष, कारण खिडकी जितकी मोठी तितकं विटांचं काम कमी. "बाईनं क्या दिमाग लावला!" म्हणून त्यानं मान डोलवली आणि मी ती मान बरेच दिवस मनात डोलवत ठेवली. वर टिनाचं छप्पर पडलं. पडद्याचं कापड मी अमरावतीहून मागवलं, त्यावर मोर भरला. दिवाळीच्या आधी खोली तयार झाली. मी नवी खोळ शिवली आणि गादी वरच भरून घेतली.

मामाजींनी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बाजारात जाहीर केलं: "धर्मशाळेत कायले जाता? आमच्या सुनेनं पाहुण्यायसाठी खोली बांधली. हट्ट धरून बांधली!"

पहिले आले काकाजी, मामाजींचे धाकटे भाऊ, पातूरकडून, फुलकोबीची गाडी घेऊन. गाडी बोळात लागली. जिना बोळातच. पाट्या डोक्यावरून सरळ वर. "इतकी सोय कोन करते?" ते म्हणाले. "अन् आतून कडी! माल चोरीले जायची भीतीच नाई." खिडकीतून वारा यायचा, म्हणून भाजी तजेलदार राही. माझी एकेक हुशारी वांग्यामेथीच्या कामी आली. काकाजींनी बाजारभर सांगितलं आणि मग त्यांचे व्याही आले, व्याह्यांचे साडू आले, साडूंच्या गावचे लोक आले, ज्यांचं आमच्याशी नातं फक्त वांग्यांमुळे होतं. थंडीभर खोली एक दिवस रिकामी नव्हती. एकदा मी झाडायला वर गेले, तर माझा मोराचा पडदा ओला करून मेथीच्या ढिगावर पसरलेला. मोराच्या तोंडात मेथीची काडी होती. तो खाताना दिसत होता, एवढाच काय तो त्या मोराचा संसार.

आणि यावर कडी म्हणजे काकाजींच्या पत्नी. त्या खोलीत चांगल्या आठवडाभर राहिल्या, माझ्या नव्या गादीवर निजल्या, आणि जाताना सैपाकघरात माझ्या हनुवटीला हात लावून सासूबाईंसमोर म्हणाल्या, "लय गुनाची पोरगी हाय वो. पन वरीस होऊन गेलं, अजून काईच कसं नाई? कोन्या वैद्याले दाखवलं का?"

मी भाकरी तव्यावर टाकली ती उलटायची विसरले. सासूबाईंना मी मामी म्हणत असे. जळकी भाकरी उचलून त्यांनी ताटलीत ठेवली, वर जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा जिन्याकडे.

फाल्गुन सरला आणि माझा केशरी सूर्य खिडकीत उतरला. अकोल्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. बांधताना थंडीचे दिवस तोंडावर होते, तेव्हा पश्चिमेचं ऊन सगळ्यांनाच गोड वाटलं होतं. आता वर टीन, समोर भिंतभर खिडकी! टमाटे ठेवले तर संध्याकाळी रस्सा व्हायचा, फोडणी तेवढी बाकी. व्याह्यांचे साडू एकदा दुपारी पडले आणि उठून म्हणाले, "ही खोली व्हय का भट्टी?" पुन्हा आले नाहीत. चैत्रात खोली रिकामी झाली.

सगळं अकोलं उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकून निजतं. आम्ही दोघं वर गेलो. "सामानाची राखण कराले पायजे," असं ह्यांनी खाली सांगितलं. सामान म्हणजे एक सुरई. फरशीवर बादलीभर पाणी ओतायचं, ती वाफ होऊन जायची, पुन्हा ओतायचं. इतक्या हौसेनं मागितलेला एकांत, आणि आम्ही दोघं खोलीच्या दोन टोकांना पंखे हलवत बसलेलो, कारण जवळ बसलं की जास्त उकडायचं. पण बोललो. नवऱ्याचा आवाज मला त्या उन्हाळ्यात पाठ झाला. हे मुळीच घोरत नाहीत, हेही तेव्हाच कळलं, आणि वर्षभर मी कोणाच्या घोरण्यावर माया केली ते आठवून मला हसू आवरेना. ह्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं नाही.

"उकडत नाई का वो वर?" मामींनी एकदा विचारलं.

"नाही मामी. छान वारं येते."

"मंग पाठीवर घामोळं कायचं?"

"डाळीचं पीठ लावलं होतं, त्यानं आलं."

"बरं," मामी म्हणाल्या. "डाळ बदल."

पावसाळ्यात खोली आमचीच राहिली, कारण चिखलात गाड्या निघत नव्हत्या. पण दिवाळी जवळ आली तशी मी गाड्यांचे दिवस मोजायला लागले. मी आमची गादी गुपचूप खाली आणून ठेवली. कोणी मागायच्या आत सोडलेलं बरं, म्हणजे निदान खानदानी तरी म्हणवून घेता येतं. आणि एका सकाळी बोळात बैलांच्या घंटा वाजल्या. काकाजी. गाडीत फुलकोबी, खांद्यावर वळकटी, पाय सरळ जिन्याकडे.

मामी सैपाकघरातून बाहेर आल्या. मी मागं मेथी निवडत होते.

"तिकडं नोका जाऊ, भाऊजी. सपरीत टाका वळकटी."

"काहून वो वयनी?"

"थे खोली लय गरम होते."

काकाजींच्या अंगावर घोंगडी होती. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. "कार्तिकात?"

"गरम होते म्हनलं ना!"

"थंडीत गरम झाली तं चांगलंच हाय की!"

सपरीतून मामाजींचा आवाज आला, "अवो, पाहुण्यायची खोली हाय थे! मुनसिपालटीच्या कागदावर लिवलं हाय."

"मंग पाहुण्याईले मुनसिपालटीत झोपाले पाठवा!" मामी म्हणाल्या. "मले नातू पायजे, कोबी नाई पायजे!"

सपरीत बंगईची कडी वाजायची थांबली. माझ्या हातातली मेथी देठासकट पातेल्यात गेली. आमचे हे तेवढ्यात दारातून आत येत होते, ते तसेच मागं फिरून बाहेर गेले. काकाजी क्षणभर उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि एवढे मोठ्यानं हसले की बैल बिचकले. वळकटी सपरीत पडली.

"अन् तू," मामी माझ्याकडे वळल्या, "गादी खाली कायले आनली? ने वर."

"आता? सगळ्यांसमोर?"

"मंग का पडदा धरू?"

मी गादी उचलली आणि भरदिवसा, बैलांसह सगळ्यांच्या देखत, जिना चढायला लागले. पाट्या त्या जिन्यावरून डोक्यावर सहज जायच्या. खाली आणताना गादीही वजनानंच घसरत आली होती. वर जाताना मात्र ती वळणावर अशी अडकली की पुढं जाईना, मागं येईना. वळण मीच आखलं होतं, कागदावर फार डौलदार दिसलं होतं. मी वरून ओढत होते. खालून काकाजींनी खांदा लावला.

"ढकला भाऊजी, जोरात!" मामी ओरडल्या.

"ढकलून राहिलो ना बाप्पा! हा जिना कोनं काढला वो असा?"

मी गादीच्या पलीकडे होते. कोणाला दिसत नव्हते, म्हणून गप्प राहिले.