कौसामावशीची सुरमई

कौसामावशी गिऱ्हाइकाला मासा दाखवायची तो तोंडाकडून. नेरच्या बाजारात बाकीचे विक्रेते तुकडे करून मोकळे व्हायचे, ही मात्र अंगठ्याने माशाचा जबडा उघडायची आणि म्हणायची, "मुंडकं पाह्याबिगर मासा घेऊ नये, अन् घर पाह्याबिगर पोरगी देऊ नये."

नवऱ्याबरोबर तिने बारा वर्षं रत्नागिरीकडच्या बंदरावर मासळी साफ केली होती. तो गेल्यावर ती गावी परतली आणि धरणातल्या रोहू-कतल्याशेजारी बर्फाच्या खोक्यातून येणारी सुरमई मांडू लागली. समुद्र न पाहिलेल्या आम्हाला सुरमई आणि बॅराकुडा तिनेच वेगळे करून दाखवले. दोन्ही लांबट, रुपेरी, शिकारी मासे. "सुरमईच्या आंगावर उभ्या पट्ट्या, शेपटीपाशी बारक्या परांची रांग. अन् हात फिरव, कशी साबणावानी गुळगुळीत! बॅराकुड्याचे खवले हाताले लागते, खालचा जबडा म्होरं, दात कुत्र्यावानी." मोठा बॅराकुडा ती विकतच नसे. "कवा कवा बाधते तो. शिजवला तरी जहर जात नाही. मी कायले विकू?"

गेल्या वर्षी एका रविवारी खोक्यातून डोकं-शेपूट छाटलेला, खवले काढलेला मासा आला. व्यापाऱ्याने फोनवर सुरमई म्हणून सांगितलं होतं. मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, समोर गर्दी. मी विचारलं, "मावशी, मुंडकं?"

"आज नाही आलं, माय. सुरमईच हाये."

दुपारी तीनच्या सुमारास ती धापा टाकत आमच्या दारात उभी राहिली. पायांत चप्पल नव्हती. "खाल्लं का तुमी?" खोकं धुताना तळाच्या बर्फात तिला मोठमोठे खवले चिकटलेले सापडले होते. आधीच्या दोन घरांतून तिने मासा फेकायला लावला होता. माझा उपास होता, पण बाबांनी दोन तुकडे खाल्ले होते. त्यांना उलट्या सुरू झाल्या होत्या, ओठांना मुंग्या येत होत्या. माठातलं गार पाणी दिलं, तरी "पोळलं!" म्हणून त्यांनी पेला टाकून दिला.

दवाखान्यात मावशीच पुढे झाली. "डॉक्टरसाहेब, सुरमई नाही, बॅराकुडा होता. मीच विकला." डॉक्टरांनी यवतमाळला फोन लावला, दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं आणि बाबांना लगेच तिकडे हलवलं. बाबा वाचले. हातांच्या मुंग्या मात्र कित्येक दिवस गेल्या नाहीत.

माझा राग शमला नव्हता. शाळेत, गल्लीत, किराणा दुकानात मी सांगत सुटले, "कौसामावशीने विषारी मासा विकला." ती स्वतः धावत आली होती, हे मी कुणालाच सांगितलं नाही. महिन्याभरात तिच्या पाटीसमोर कुणी थांबेनासं झालं.

बाबांच्या कानावर हे गेलं. ते म्हणाले, "ती आली नसती तर डॉक्टर अपचनाच्या गोळ्या देत बसले असते. हे सांगितलंस का कुणाला?"

मग मी तेही सांगत फिरले. लोक मान हलवायचे आणि मासा दुसरीकडून घ्यायचे.

एक दिवस ती बसस्थानकावर गाठोडं घेऊन बसलेली दिसली. केळापूरला लेकीकडे कायमची निघाली होती. मी शेजारी बसले. "मावशी, मी लोकांना अर्धंच सांगितलं."

"मले मालूम हाये."

"मग तू का नाही बोललीस?"

"काय बोलू? तू खोटं थोडीच सांगितलं, माय." तिने गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. "बाबाच्या मुंग्या गेल्या का?"

"गेल्या," मी म्हणाले.

गाडी लागली. मी गाठोडं वर चढवून दिलं. माफी मागायला तोंड उघडलं आणि गाडी हलली. मावशी खिडकीतून वाकून मोठ्याने सांगत होती, "अजून दोन-तीन महिने बाबाले कोणताच मासा देजो नको! जहर पुन्हा उसळते!"