काकूंच्या उपाशी पेशी

आमच्या प्रयोगशाळेत पेशी सांभाळायचं काम काकूंकडे. बावीस वर्षं झाली. सकाळी नऊच्या ठोक्याला हातमोजे चढवून पेशींच्या बशा सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या की चौकशी सुरू, "काय गं, आज मरगळलात का?" आम्ही हसायचो. पण आमच्यातल्या निम्म्यांच्या पदव्या काकूंच्या जिवावर उभ्या आहेत, कुणी कबूल करो वा न करो.

माझं मात्र घोडं अडलं होतं. पेशीच्या आवरणावर ग्राहक नावाचे रेणू असतात. वाढीचा निरोप आणणारं प्रथिन त्यांना दारातच गाठतं, स्वतः आत येत नाही. निरोप तेवढा आत हातोहात केंद्रकापर्यंत जातो आणि तिथलं झोपलेलं जनुक कामाला लागतं. माझ्या पेशींत ते जागं झालं की हिरवा उजेड दिसे. एका बशीत प्रथिन घालायचं, दुसरीत नाही. सोपं! पण तीनदा करूनही दोन्ही बशा हिरव्यागार. सर म्हणाले, "शुक्रवारी शेवटचा प्रयत्न. नाहीतर विषय बदल." माझी तीन वर्षं पाण्यात जाणार होती.

बुधवारी सर माझी झाडाझडती घेत होते, तेवढ्यात काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सर, तिला बोलू नका. मीच त्यांना खायला घातलं."

प्रयोगाच्या आदल्या दिवशी पेशींना सीरम, म्हणजे त्यांचा रक्तद्रवाचा खुराक, द्यायचं नसतं. त्यातही वाढीची प्रथिनं असतात, म्हणजे मी निरोप देण्याआधीच तो पोचलेला. मी घरी गेले की काकू गुपचूप दोन थेंब घालत होत्या.

"'खायला देऊ नका' ही तुझी चिठ्ठी वाचली होती गं. पण बघवेना. कशा आक्रसून बसतात! म्हटलं, एवढ्याशानं काय बिघडतंय?"

काय बिघडतंय! माझं डोकंच फिरलं. मग लक्षात आलं, काकू गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता. बावीस वर्षांचं नाव त्यांनी माझ्यासाठी पणाला लावलं होतं. अशा माणसावर रागावून तरी किती वेळ बसणार?

"काकू, उद्या रजा घ्या," सर म्हणाले.

"रजेचं काही सांगू नका. पेशींच्या खोलीची किल्ली तेवढी तुमच्याकडे ठेवा."

शुक्रवारी एक बशी हिरवी झाली, दुसरी काळीकुट्ट राहिली. मी आनंदानं ओरडलेच आणि काकूंना मिठी मारली. त्यांनी डोळे पुसले, काळी बशी हळूच स्वतःकडे ओढली आणि विचारलं,

"झालं ना तुझं? मग आता यांना वाढू?"