माधवची दीदी

दीदी कधी आजार आधी विचारत नसत. बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घराचा उभा जिना चढून त्या पहिल्यांदा आल्या, दम खात उंबऱ्याशीच बसल्या आणि आईला म्हणाल्या, "माधवला काय काय छान जमतं, ते सांगा बरं."

आई रडायलाच लागली. "आता काय उरलंय हो त्याच्यात?"

"जे उरलंय तेच तर मला बघायचंय."

माधव माझा धाकटा भाऊ. पाठशाळेत संस्कृत शिकवायचा. बाबा गेले आणि तो हळूहळू खोलीत मिटत गेला. शिकवणं सुटलं, आंघोळ सुटली, जेवण सुटलं. एकदा शिंदे घाटावरून नावाड्यांनी त्याला घरी आणून सोडलं. नातेवाईक म्हणाले, मांत्रिकाकडून झाडफूंक करा. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि दीदींचं नाव सांगितलं. त्या त्याच दवाखान्यात समुपदेशन करत. बनारसच्याच मराठी घरातल्या, त्यामुळे बोलण्यात निम्मी हिंदी. माधव बाहेर पडेना, म्हणून त्या स्वतःच आमच्याकडे येऊ लागल्या.

तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. दीदी शेजारी सतरंजीवर बसत. कधी कधी दोघंही पूर्ण वेळ गप्प. एकदा मी वैतागून म्हटलं, "काहीच फरक नाही, दीदी."

"सकाळी आईंसाठी खालून पाणी कोण आणतं?"

माधवच आणत होता. आम्हाला ते दिसतच नव्हतं.

"इतका टूटलेला माणूस आईसाठी उठतो. ही मामुली गोष्ट नाही," त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या.

"तिची कंबर दुखते," माधव भिंतीकडे बघतच पुटपुटला. कित्येक महिन्यांनी मी त्याचा आवाज ऐकत होते.

पावसाळा सरता सरता पुन्हा सगळं ढासळलं. एका दुपारी तो घरातून नाहीसा झाला. मी घाटाघाटानं धावत सुटले. राजा घाटाच्या पायरीवर तो दिसला आणि शेजारी दीदी. त्यानंच त्यांना फोन केला होता.

"मी हरलो, दीदी."

"मरायचं मनात होतं, तरी तू मला बोलावलंस. हे मी तुला विसरू देणार नाही." त्यांनी त्याचा हात घट्ट धरला होता.

या हिवाळ्यात दीदी गेल्या. कॅन्सर होता, आणि आम्हाला त्यांनी कधी कळू दिलं नव्हतं. आई म्हणाली, "त्याला सांगू नकोस गं, तो वाचायचा नाही." पण मी सांगितलं. तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला. मी जिन्याच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि भाजी चिरत बसले, चिरता येईना.

ऊन उतरताना माधव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"ताई, आज मला एकटं सोडू नकोस."

मी विळी बाजूला सारली आणि त्याला जवळ बसवून घेतलं.